प्रयोगशाळेतील प्राण्यांची निगा आणि भारतीय कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने औषधनिर्माणशास्त्र, जीवशास्त्र आणि वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, नव्याने संशोधन सुरू करणारे प्राध्यापक आणि प्राणिगृहात काम करणारे कर्मचारी यांच्यासाठी आहेत. एखाद्या संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीवर सामाजिक सदस्य म्हणून बोलावणे आलेल्या, परंतु विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकांनाही त्यांचा उपयोग व्हावा.

भारतात प्रयोगशाळेतील प्राण्यांना नेमका कोणता कायदा लागू होतो?

मूळ कायदा म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडले होते आणि त्यातून सुरू झालेल्या चर्चेची परिणती पुढे या कायद्यात झाली. या कायद्याचे चौथे प्रकरण, म्हणजे कलम १४ ते २०, केवळ प्राण्यांवरील प्रयोगांविषयी आहे. त्याच्या आधारे १९९८ मध्ये प्राण्यांची पैदास आणि त्यांच्यावरील प्रयोग यांचे नियंत्रण व पर्यवेक्षण करणारे नियम आले आणि त्यांत २००१ व २००६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. प्राणिगृह कसे असावे, भूल कशी द्यावी, नोंदी कशा ठेवाव्यात यांसारखा तपशील मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. कायदा, नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे असे हे तीन थर आहेत. विद्यार्थी बहुतेकदा तिसराच थर वाचतात आणि पहिल्या दोहोंकडे वळत नाहीत. कलम १७ एकदा तरी मुळातून वाचावे. ते जेमतेम दोन पानांचे आहे आणि बाकीचे बहुतेक सगळे त्याच्यातूनच निघालेले आहे.

हा कायदा प्रयोगांना बंदी घालतो का?

नाही. कलम १४ स्पष्ट सांगते की शरीरक्रियेविषयी नवे ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी किंवा आयुष्य वाढवण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी, अथवा माणूस, प्राणी किंवा वनस्पती यांच्या रोगांशी लढण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदेशीर ठरत नाहीत. मात्र ही मोकळीक बिनशर्त नाही. प्रयोगापूर्वी, प्रयोगादरम्यान आणि प्रयोगानंतर प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी आवश्यक ते सर्व उपाय करणे हे कलम १७ अन्वये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे (पुढे 'केंद्रीय समिती') कर्तव्य आहे. या तिन्ही काळांचा उल्लेख सहज झालेला नाही. प्राण्याचा त्रास शस्त्रक्रियेच्या टेबलापुरता नसतो, तो वाहतुकीच्या खोक्यात सुरू होऊन टाके भरून येईपर्यंत चालू राहू शकतो, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

'प्रयोग' या शब्दात काय काय येते? आम्ही तर फक्त रक्ताचे नमुने घेतो.

नियमांतील व्याख्या बरीच व्यापक आहे. जैविक, शरीरक्रियात्मक, वर्तनविषयक, भौतिक किंवा रासायनिक स्वरूपाचे ज्ञान मिळवण्यासाठी प्राण्यांचा वापर होणारा कोणताही प्रकल्प तिच्यात येतो. त्याखेरीज प्रतिजने (प्रतिकारशक्तीला जागवणारे पदार्थ) व प्रतिपिंडे (त्यांच्याविरुद्ध रक्तात तयार होणारी संरक्षक प्रथिने) तयार करणे, नेहमीच्या रोगनिदान चाचण्या, उत्पादनांच्या चाचण्या आणि जनुकीय बदल केलेल्या प्राण्यांचे वंश तयार करणे हेही 'प्रयोग' या शब्दात मोडते. तेव्हा केवळ रक्त काढले, चिरफाड केली नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

सीपीसीएसईए आणि सीसीएसईए या दोन वेगळ्या संस्था आहेत का?

त्या एकच आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण करण्यासाठी कलम १५ अन्वये केंद्र सरकारने नेमलेली ही वैधानिक समिती, म्हणजेच वर आलेली केंद्रीय समिती, दीर्घकाळ सीपीसीएसईए या नावाने ओळखली जात होती. अलीकडे तिचे नाव सीसीएसईए झाले. पूर्वी ती पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत होती, आता मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जुन्या शोधनिबंधांत आणि प्रबंधांत जुनेच नाव आढळेल, त्यामुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. नोंदणी करणे, संस्थांच्या समित्यांवर प्रतिनिधी नेमणे, तपासणी करणे आणि गरज पडल्यास प्रयोग थांबवणे ही तिची कामे आहेत. प्राण्यांची पैदास करून विकणाऱ्यांनाही या समितीकडे नोंदणी करावी लागते आणि प्रयोगासाठी प्राणी शक्यतो अशाच नोंदणीकृत पैदासकाराकडून घ्यावे लागतात. बाजारातून ससे आणले किंवा ओळखीच्या माणसाकडून उंदीर मागवले, हे चालत नाही.

संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीत कोण असते आणि तिचे काम काय?

या समितीत आठ सदस्य असतात. एक जीवशास्त्रज्ञ, जीवशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांतील दोन वैज्ञानिक, प्राण्यांची काळजी घेणारा पशुवैद्यक, प्राणिगृहाचा प्रभारी वैज्ञानिक, संस्थेबाहेरचा एक वैज्ञानिक, सामाजिक भान असलेला परंतु वैज्ञानिक नसलेला एक सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी. केंद्रीय प्रतिनिधीच्या अनुपस्थितीत बैठक घेऊन प्रस्ताव मंजूर करता येत नाहीत, आणि हा नियम तारखा जुळवताना कितीही अडचणीचा वाटला तरी तो योग्यच आहे, कारण आपल्याच सहकाऱ्याच्या प्रस्तावाला नकार देणे संस्थेतल्या माणसांना नेहमी जड जाते.

समितीचे काम मंजुरीचा शिक्का उठवण्यावर संपत नाही. मंजूर केलेला प्रयोग मंजूर केल्याप्रमाणेच चालला आहे का हे पाहणे, प्राणिगृहाला भेट देणे, प्राणी किती आणले, किती वापरले आणि उरलेल्यांचे काय झाले याचा हिशेब तपासणे हीदेखील तिचीच जबाबदारी आहे. अनेक ठिकाणी पहिला भाग काटेकोरपणे होतो आणि दुसरा कागदावर राहतो. या व्यवस्थेची खरी कसोटी मंजुरीनंतरच्या महिन्यांत लागते, असे माझे मत आहे.

विज्ञान न शिकलेल्या सदस्याबद्दल थोडे सांगायला हवे. अनेकांना वाटते की आपण तेथे शोभेपुरते आहोत. वास्तविक 'हा प्राणी नसता तर तुम्ही हा प्रश्न कसा सोडवला असता?' हा साधा प्रश्न बहुतेकदा तोच सदस्य विचारतो आणि त्याचे उत्तर सोप्या मराठीत किंवा इंग्रजीत देता आले नाही, तर प्रस्तावात काहीतरी कच्चे आहे असे समजावे.

कोणत्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते?

उंदीर, गिनीपिग, ससे यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेची समिती मंजुरी देऊ शकते. कुत्रा, माकड, घोडा, मेंढी यांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत संस्थेच्या समितीने केवळ शिफारस करायची असते. अंतिम निर्णय केंद्रीय समितीचा असतो. लहान प्राण्यावर तेच उत्तर मिळत असेल तर मोठा प्राणी टाळावा, असे कलम १७ मध्येच म्हटले आहे. माशांवरील प्रयोगांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली आहेत, त्यामुळे 'झेब्राफिशला मंजुरी लागत नाही' ही जुनी समजूत सोडून द्यावी.

प्रस्तावात प्राण्यांची संख्या कशी ठरवावी?

समितीपुढे सर्वाधिक प्रश्न याच मुद्द्यावर उपस्थित होतात. 'प्रत्येक गटात सहा' हे उत्तर महाविद्यालयांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मागच्या वर्षीच्या प्रबंधात सहा होते म्हणून याही वर्षी सहा, हे समर्थन होऊ शकत नाही. गटांमध्ये किती फरक दिसणे अर्थपूर्ण आहे, मोजमापात किती चढउतार अपेक्षित आहे आणि किती खात्रीने निष्कर्ष काढायचा आहे, यांवरून संख्याशास्त्राच्या मदतीने आकडा काढावा आणि तो कसा काढला हे प्रस्तावात लिहावे. येथे एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. प्राणी फार कमी घेणे हेही अनैतिक ठरू शकते, कारण तुटपुंज्या संख्येमुळे निष्कर्षच निघाला नाही तर वापरलेले सर्व प्राणी वाया गेलेले असतात.

या विचारामागे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आहेत: प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि त्रास कमी होईल अशी पद्धतीत सुधारणा करणे. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांत पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले उदाहरण तीव्र विषाक्ततेच्या चाचणीचे आहे. निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा शोधणारी जुनी चाचणी, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची (ओईसीडी) ४०१ क्रमांकाची मार्गदर्शिका, २००२ च्या अखेरीस रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या ४२०, ४२३ आणि ४२५ या मार्गदर्शिकांमध्ये फार थोडे प्राणी लागतात. ४२३ मध्ये तर एका टप्प्याला तीनच प्राणी पुरतात आणि पुढचा टप्पा घ्यायचा की नाही हे आधीच्या टप्प्यावरून ठरते.

ज्याचा निष्कर्ष आधीच निर्विवादपणे माहीत आहे तो प्रयोग सबळ कारणाशिवाय पुन्हा करू नये, असेही नियम सांगतात. म्हणून प्रस्तावाआधी झालेल्या संशोधनाचा शोध प्रामाणिकपणे घ्यावा. एकाच वनस्पतीच्या अर्काचा मधुमेही उंदरांवरील परिणाम किती महाविद्यालयांनी पुन्हा पुन्हा तपासायचा, हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरेशा स्पष्टपणे विचारला जात नाही.

प्राणिगृह कसे असावे?

मार्गदर्शक तत्त्वांनुसार तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के यांदरम्यान असावी, खोलीतील हवा तासाला १२ ते १५ वेळा बदलली जावी आणि आवाज ८५ डेसिबलच्या खाली राहावा. सामान्यतः बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असे चक्र ठेवतात. २५ ग्रॅमहून अधिक वजनाच्या प्रत्येक पांढऱ्या लहान उंदराला, म्हणजे माऊसला, पिंजऱ्यात किमान ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा मिळायला हवी. बाहेरून आलेल्या लहान प्राण्यांना किमान आठवडाभर वेगळे ठेवून त्यांची प्रकृती पाहावी. कुत्रा, मांजर आणि माकड यांच्यासाठी हा काळ सहा आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो.

हे आकडे पाठ करणे सोपे असते, पाळणे हवामानावर आणि विजेवर अवलंबून असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता सहज ९० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा जनरेटरवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा ही चैन ठरत नाही. रविवारी दुपारी वीज गेली तर प्राणिगृहात कोण येणार आणि त्याच्याकडे किल्ली असणार का, हे लेखी ठरलेले असावे. तापमानाची नोंदवही तपासताना रोज एकच आकडा लिहिलेला आढळला, तर तापमापकाऐवजी लिहिणाऱ्याशी बोलावे.

पिंजऱ्यात अंथरण्यासाठी भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा भरड चुरा वापरतात. तो निर्जंतुक केलेला, धूळ न उडणारा आणि कीटकनाशकाचा अंश नसलेला असावा. उंदीर, ससे असे समूहात राहणारे प्राणी कारणाशिवाय एकटे ठेवू नयेत. घरटे करायला कागदाचे तुकडे, लपायला नळीचा तुकडा आणि कुरतडायला लाकूड दिले, तर खर्च नगण्य येतो आणि प्राण्याची अस्वस्थता कमी होते. अस्वस्थ प्राण्याचे रक्तदाब, साखर आणि संप्रेरके बदललेली असतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ दयेचा उरत नाही, मोजमापाच्या विश्वासार्हतेचाही होतो.

प्राण्यांना रोज पाहणारा माणूस प्राध्यापक नसतो, पिंजरे धुणारा कर्मचारी असतो. कोणता उंदीर आज खात नाही, कोणाचे केस विस्कटलेले आहेत, कोणता पाठ वाकवून कोपऱ्यात बसला आहे, हे त्याच्या आधी लक्षात येते. त्याला प्रशिक्षण, लसीकरण आणि वैद्यकीय तपासणी मिळणे आवश्यक आहे. 'हा प्राणी त्रासात आहे' असे त्याने सांगितले तर पशुवैद्यकाने लगेच यावे, एवढा अधिकारही त्याच्या शब्दाला असायला हवा.

भूल आणि वेदनाशामक केव्हा द्यावे लागते?

शस्त्रक्रियेचा अंतर्भाव असलेले प्रयोग शक्य तेथे वेदना थांबवण्याइतक्या प्रभावी भुलीखाली करावेत, हे कायद्यातच आहे. स्नायू शिथिल करून प्राण्याला निश्चल करणारी औषधे भुलीची जागा घेऊ शकत नाहीत. अशा औषधाने प्राणी हालचाल करत नाही, पण त्याला सर्व काही जाणवत असते. म्हणून भुलीविना त्यांचा वापर करण्यास मनाई आहे. माणसाला ज्या प्रक्रियेने वेदना होईल तिने प्राण्यालाही होते असे गृहीत धरावे, हे व्यवहारात उत्तम सूत्र आहे.

प्रयोग कोठे थांबवायचा हे आधीच ठरवून प्रस्तावात लिहावे. वजन किती टक्क्यांनी घटले, गाठ किती मोठी झाली किंवा प्राणी अन्नपाण्यापर्यंत पोहोचू शकला नाही, तर त्याला प्रयोगातून बाहेर काढणार, हे आकड्यांत आणि स्पष्ट शब्दांत असावे. 'प्राण्याचा मृत्यू होईपर्यंत निरीक्षण' हे वाक्य आजही प्रस्तावांत येते आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येण्याजोगे असते.

प्रयोग संपल्यावर प्राण्यांचे काय होते?

भुलीखाली असताना प्राण्याला एवढी इजा झाली असेल की शुद्धीवर आल्यावर त्याला तीव्र यातना होतील, तर सामान्यतः तो बेशुद्ध असतानाच त्याला मरण द्यावे, असे कायदा सांगतो. मरण देण्याची पद्धत प्राण्याच्या जातीनुसार ठरते. ती जलद, कमीत कमी भीतीदायक आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या हातची असावी, तसेच इतर प्राण्यांच्या समोर ती करू नये. मृत्यू झाल्याची खात्री केल्याशिवाय शरीर कचऱ्याच्या पिशवीत टाकणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र पुनर्वसनाचा विचार आधी करावा लागतो आणि प्रयोगानंतरच्या सांभाळाचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो. ही तरतूद मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते. कुत्र्याला प्रयोगानंतर अनेक वर्षे सांभाळायचे आहे हे अंदाजपत्रकात लिहावे लागले, की तो कुत्रा खरोखरच हवा का याचा पुनर्विचार आपोआप होतो.

माकडांवरील प्रयोग आजही होतात का?

होतात, पण क्वचित आणि कडक परवानगीने. करोनाच्या साथीत कोव्हॅक्सिन लशीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत २० ऱ्हिसस माकडांवर झाली होती. त्यांना पकडण्यासाठी राज्याच्या वनविभागाची मदत घेण्यात आली आणि ती अखेर नागपूर परिसरात सापडली. एकेकाळी भारतातून हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांना निर्यात होत. केवळ वैद्यकीय संशोधनासाठी दिलेली माकडे अमेरिकेत किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांसाठी वापरली गेल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ मध्ये ही निर्यात बंद झाली.

सर्पदंशावरील औषध तयार करण्यासाठी घोडे वापरतात, तेही या नियमांत येते का?

होय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेत वाढवत घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ते रक्त काढून प्रतिविष बनवतात. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या नावाशी हे काम पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. प्रतिपिंडांचे उत्पादन 'प्रयोग' या व्याख्येत येत असल्यामुळे घोड्यांची निवड, विष टोचण्याची जागा, एका वेळी काढायचे रक्त आणि दोन वेळांमधली विश्रांती या सर्वांवर पर्यवेक्षण असते. रक्तातील द्रव वेगळा करून तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत अवलंबली तर त्याला रक्तक्षय होण्याचा धोका बराच घटतो. शेतात राबणाऱ्या माणसांचे प्राण या औषधावर अवलंबून असलेल्या राज्यात या घोड्यांच्या तब्येतीबद्दल अधिक चौकशी व्हायला हवी.

महाविद्यालयात बेडूक किंवा झुरळ कापण्याची सक्ती करता येते का?

आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते पूर्णपणे काढून टाकले. पुस्तके, प्रतिकृती आणि चित्रफिती यांनी काम भागत असेल तर शिकवण्यासाठी प्रयोग टाळावेत आणि केवळ हात बसावा म्हणून प्राणी वापरू नयेत, हे १९६० च्या कायद्यातच होते. अंमलबजावणीला अर्धशतक लागले.

सौंदर्यप्रसाधने आणि नवी औषधे यांच्यासाठी नियम वेगळे आहेत का?

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे आणि प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने आयात करण्यासही त्याच वर्षी मनाई झाली. औषधांचे तसे नाही. तथापि मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवर आधारित चाचण्या, मानवी अवयवांची सूक्ष्म प्रतिरूपे आणि संगणकीय पद्धती यांनाही मान्यता मिळाली. यामुळे प्राण्यांवरील चाचण्या संपल्या असे समजणे घाईचे ठरेल. पर्याय वापरण्याची मुभा मिळाली आहे.

परदेशात संशोधनासाठी जाणाऱ्यांना येथील मंजुरी चालते का?

चालत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार व्यक्ती, प्रकल्प आणि संस्था अशा तीन वेगळ्या परवान्यांची गरज असते. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात ऑक्टोपस व माकुल यांच्या वर्गालाही संरक्षण आहे. याउलट अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्यातून संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर व पक्षी वगळलेले आहेत, मात्र सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वेगळ्या धोरणान्वये त्यांचीही काळजी घ्यावीच लागते.

नियम मोडल्यास शिक्षा किती?

कलम २० अन्वये दंड जास्तीत जास्त २०० रुपये आहे. हा आकडा १९६० पासून तसाच आहे आणि तो लाजिरवाणा आहे. संस्थेत नियमभंग झाला तर संस्थेचा प्रमुख दोषी मानला जातो, ही त्यातली महत्त्वाची बाजू. प्रत्यक्षात धाक असतो तो कलम १९ चा, कारण त्याखाली केंद्रीय समिती संस्थेला प्रयोग करण्यास मनाई करू शकते. शिवाय मंजुरीचा क्रमांक नसल्यास चांगली नियतकालिके शोधनिबंध स्वीकारत नाहीत, आणि प्रयोग झाल्यानंतर मागील तारखेने मंजुरी देणे हा समितीचाच गैरप्रकार ठरतो.

गैरप्रकार दिसला तर तक्रार कोठे करावी?

प्रथम प्राणिगृहाच्या पशुवैद्यकाकडे आणि संस्थेच्या समितीकडे, लेखी. तेथे दखल घेतली गेली नाही किंवा प्रकरण त्यांच्याशीच संबंधित असेल, तर समितीवरील केंद्रीय प्रतिनिधीकडे अथवा थेट सीसीएसईएकडे. तारीख, खोली, प्राण्यांची संख्या आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट एवढेच लिहावे, तर्क लिहू नयेत. या कायद्याखालील गुन्ह्याचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, त्यामुळे सत्र संपेपर्यंत किंवा प्रबंध सादर होईपर्यंत थांबू नये.